दाबाने खडक वळतो आणि ताणाने तुटतो, एवढंच खरं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसर-देवलापारच्या भागात खडकाचे थर नागमोडी वळलेले दिसतात. कोयनेला आणि किल्लारीला मात्र खडक तुटला आणि भूकंप झाले. दगड इतका कठीण असताना तो वळतो कसा? शाळेत 'दाबामुळे वळ्या पडतात, ताणामुळे प्रस्तरभंग होतो', म्हणजे खडक तुटून सरकतो, असं पाठ केलं होतं, ते इथे लागू पडतं का? आणि सह्याद्रीचे थर मग इतके आडवे, सरळ कसे राहिले?

खडक कसे वळले, कसे तुटले, कुठून कुठे सरकले याचा माग काढणं हेच माझं काम राहिलं आहे, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देतो.

पाठ केलेल्या सूत्रापासूनच सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. हे सूत्र अपुरं आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्यात जमीन ताणली गेली नव्हती. ती दाबली गेली होती, आणि त्या दाबाखाली खडकाची एक बाजू दुसरीवर चढली. म्हणजे दाब होता, तरी वळी न पडता भंग झाला. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेला तिसराच प्रकार घडला. भंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या. हिमालयातले बहुतेक मोठे प्रस्तरभंग दाबाचेच आहेत, आणि त्याच हिमालयात प्रचंड वळ्याही आहेत.

दाब, ताण किंवा आडवं घासणं यावरून भंग कोणत्या प्रकारचा होईल हे ठरतं. खडक वळेल की तुटेल, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर खोली, तापमान, खडकातली खनिजं, खडकातलं पाणी आणि बल लागायला मिळालेला वेळ या गोष्टींत आहे. हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवले की बाकीचा विषय आपोआप उलगडत जातो.

आता बल म्हणजे नेमकं काय, ते पाहू. जमिनीखाली एक किलोमीटर खोल गेलात, तर वरच्या खडकाच्या वजनाने एका चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे 270 किलोचा भार असतो. दहा किलोमीटरवर तो 2,700 किलो होतो. इतक्या भाराखाली दगड चिरडला जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. भार सगळ्या बाजूंनी सारखा असेल, तर खडक किंचित आकसतो इतकंच. दहा किलोमीटरवर त्याचं आकारमान साधारण अर्ध्या टक्क्याने घटतं. त्याचा आकार बदलत नाही, वळी पडत नाही, भेगही पडत नाही.

खडकाला विकृत करतो तो दिशांमधला फरक. वरून एक भार, उत्तर-दक्षिण दुसरा, पूर्व-पश्चिम तिसरा, आणि हे तिन्ही सारखे नसले, की खडकाला जास्त दाबाच्या दिशेने आखूड आणि कमी दाबाच्या दिशेने लांब व्हावं लागतं. 'खूप खोल गेल्यावर खूप दाब असतो म्हणून खडक मऊ होऊन वळतो' हे वाक्य मी वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत वाचत आलो आहे, आणि त्यात दोन चुका आहेत. निव्वळ दाबाने वळी पडत नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे, सगळीकडून येणाऱ्या दाबाने खडक मऊ होत नाही, उलट तोडायला अधिक अवघड होतो. मऊ करते ती उष्णता. या दुसऱ्या मुद्द्याकडे पुढे येतोच.

तीन दिशांचा हिशेब मांडणारा माणूस म्हणजे स्कॉटलंडचे भूवैज्ञानिक अर्नेस्ट मॅसन अँडरसन. 1905मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. जमिनीच्या पृष्ठभागावर फक्त हवा असते आणि हवा जमिनीला आडवं घासू शकत नाही. त्यामुळे पृष्ठभागाजवळ तीन मुख्य दिशांपैकी एक उभी आणि दोन आडव्याच असणार. मग शक्यता तीनच उरतात. उभा भार सगळ्यांत मोठा असेल, तर जमीन बाजूंना पसरते आणि तुकडे खाली खचतात. खचदऱ्या अशा होतात, आणि भंगतल, म्हणजे ज्या पातळीवर खडक तुटून सरकतो ती, आडव्याशी साधारण 60 अंशांनी कललेलं असतं. उभा भार सगळ्यांत लहान असेल, तर एक बाजू दुसरीवर चढते, आणि तल 30 अंशांच्या आसपास, म्हणजे बरंच पसरट असतं. किल्लारी आणि हिमालय या गटातले. उभा भार मधला असेल, तर वर-खाली फारसं काही होत नाही. भंगतल जवळपास उभं राहतं आणि बाजू आडव्या सरकतात, कोयनेसारख्या.

प्रत्यक्षात जुने भंग नव्या बलाने पुन्हा जागे होतात तेव्हा हे कोन बिघडतात. तरीही क्षेत्रात पहिला अंदाज बांधायला अँडरसन यांची मांडणी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते.

कोयनेच्या दक्षिणेला वारणेचा जलाशय आहे. दोन्हींत अंतर फार नाही, पण कोयनेच्या बाजूचे भूकंप मुख्यतः आडव्या सरकण्याचे आहेत आणि वारणेच्या बाजूला खाली खचण्याचे. एवढ्याशा अंतरात प्रकार बदलतो, याचा अर्थ तिथे उभा भार आणि मोठा आडवा दाब जवळजवळ तोडीस तोड असावेत. कुठे हा थोडा जास्त, कुठे तो. कवचातली बलं मोजायला यंत्रं लागतातच, पण भूकंपाच्या प्रकारावरूनही ती अशी वाचता येतात.

बलाच्या दिशा काळानुसार फिरतात, आणि त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण धुळे-नंदुरबारकडे आहे. तिथे शेतांतून, माळांवरून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात. माणसाने बांधल्यासारख्या वाटतात, पण त्या डाइक आहेत. खडकातल्या उभ्या भेगांत लाव्हा शिरून गोठला, आणि आजूबाजूचा दगड झिजल्यावर ती भिंत उरली. भेग उघडते ती नेहमी सर्वांत कमी दाबाच्या दिशेला, कारण तिकडे ढकलायला सगळ्यात कमी जोर लागतो. या भिंती साधारण पूर्व-पश्चिम धावतात. म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथली जमीन उत्तर-दक्षिण दिशेने ताणली जात होती. आज भारतीय द्वीपकल्पावरचा सर्वांत मोठा आडवा दाब साधारण त्याच उत्तर-दक्षिण दिशेचा आहे, कारण आपली भूपट्ट उत्तरेला आशियावर रेटली जाते आहे. एकाच प्रदेशात जी दिशा एके काळी सर्वांत दुबळी होती, तीच आज सर्वांत जोरकस आहे. हिमालयापासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या किल्लारीच्या खडकाला हाच रेटा जाणवत होता.

आता तुटणं. दगड तुटण्याआधी लवतो, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. पण चांगल्या कठीण खडकावर चौरस सेंटीमीटरला हजार किलोचा जादा भार टाकला, तर एक किलोमीटर लांबीचा खडक सुमारे दोन मीटरनी आखूड होतो, आणि भार काढला की पूर्ववत होतो. हे लवचीक वागणं म्हणजे ऊर्जेचा साठा. 1906मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, तेव्हा सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरची कुंपणं आणि रस्ते तुटून बाजूला सरकले. भूकंपापूर्वीची आणि नंतरची मोजणी तपासून हॅरी फील्डिंग रीड यांनी 1910मध्ये सांगितलं, की भंगाच्या दोन्ही बाजू कित्येक वर्षं हळूहळू लवत होत्या. मधला भंग घर्षणाने अडकून होता, आणि भूकंपाच्या क्षणी तो सुटल्यावर खडक झटक्यात सरळ झाला. भूकंप म्हणजे साठलेल्या लवचीकतेची सुटका, ही समज तिथून आली.

खडक तुटायला दोन वाटा आहेत. ताणाने तो फार लवकर हार मानतो, दाबाला जेवढं सहन करतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शातच. दगडी देवळांत खांब इतके जवळजवळ का असतात, याचं कारण हेच. लांब तुळईचा खालचा भाग ताणला जातो आणि तिथून ती तडकते. ताणाने तुटणाऱ्या दगडाचा आणखी एक नमुना मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलवर उभा आहे. ते उभे बहुकोनी खांब भूपट्टांच्या रेट्याने झालेले नाहीत. तप्त खडक थंड होताना आकसला, आकसताना ताण आला आणि त्या ताणाने तो फुटला.

प्रत्येक खडकात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतातच. ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921मध्ये काचेवर प्रयोग करून दाखवलं, की अशा चिरेच्या टोकाशी बल एकवटतं, म्हणून प्रत्यक्षातलं बळ कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी भरतं. दाबाखाली या चिरा मिटतात आणि त्यांच्या कडा एकमेकींवर घट्ट बसतात. त्यांना सरकायचं तर घर्षणावर मात करावी लागते, आणि दाब वाढला की घर्षणही वाढतं. म्हणून वरच्या कवचात खोल जावं तसा खडक तोडायला अधिकाधिक अवघड होत जातो. जेम्स बायरली यांनी 1978मध्ये अनेक खडकांवरच्या मोजण्या एकत्र मांडल्या, तेव्हा दिसलं की ग्रॅनाइट असो, चुनखडी असो की वालुकाश्म, भंगतलाचं घर्षण जवळपास एकाच रेषेवर येतं. वरच्या कवचात खडकाच्या जातीला फारसं महत्त्व उरत नाही. चिकणमातीची काही खनिजं तेवढी अपवाद, ती फारच निसरडी असतात.

मग खडक वळतो कधी? थिओडोर फॉन कारमान यांनी, जे पुढे विमानविद्येत नावाजले गेले, 1911मध्ये इटलीतल्या काराराच्या संगमरवराचे छोटे दंडगोल घेतले. मोकळ्या हवेत दाबल्यावर ते थोडेसे आखूड होऊन फुटले. मग त्यांनी त्यांच्याभोवती द्रवाचा प्रचंड दाब ठेवला आणि पुन्हा वरून दाबलं. दंडगोल फुटले नाहीत, मधून फुगले. खोलीच्या साध्या तापमानात, वितळल्याशिवाय, दगडाने आकार बदलला. भोवतालच्या दाबाने चिरांना उघडायला जागाच ठेवली नाही, तेव्हा स्फटिकांनी दुसरा मार्ग धरला.

तो मार्ग स्फटिकांच्या आत आहे. स्फटिकातले अणू ओळीत बसलेले असतात, पण ओळी निर्दोष नसतात. मध्येच एखादी ओळ अर्धवट संपलेली असते. बल लागलं की हा दोष एकेक अणूने पुढे सरकतो आणि स्फटिकाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. संपूर्ण थर एकदम सरकवायला जो जोर लागला असता त्याच्या कितीतरी कमी जोरात काम होतं. जी. आय. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी 1934मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. ती धातूंसाठी होती, पण खडकातल्या खनिजांनाही तितकीच लागू आहे.

प्रत्येक खनिजाला हे जमायला वेगळं तापमान लागतं, आणि इथे मात्र खडकाची जात पुन्हा महत्त्वाची ठरते. संगमरवरातलं कॅल्साइट फार लवकर नमतं. गारगोटीला, म्हणजे क्वार्ट्झला, सुमारे 300 अंश सेल्सिअस लागतात. फेल्डस्पार साधारण 450 अंशांपर्यंत हट्टी राहतो. त्यामुळे एकाच ग्रॅनाइटमध्ये गारगोटी वाहून लांबट फिती झालेली आणि तिच्याशेजारी फेल्डस्पारचा दाणा तडकलेला, असं दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी दिसतं. असा पातळ काप पाहिला की खडक कोणत्या तापमानाला चुरगळला, त्याचा बऱ्यापैकी अंदाज लागतो. त्याच कापात 'वळणं' आणि 'तुटणं' शेजारी-शेजारी असतात. म्हणून खडकाला 'तुटणारा' किंवा 'वळणारा' असं एकच लेबल लावू नये, असं मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

तिसरी एक वाट अगदी संथ आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन दाणे जिथे जोरात टेकतात, तिथे खनिज खडकातल्या पाण्यात विरघळतं आणि कमी दाबाच्या जागी पुन्हा जमतं. गुळगुळीत चुनखडीच्या फरशीवर काळसर दातेरी रेषा पाहिल्या असतील. तिथला दगड असाच विरघळून नाहीसा झाला, आणि न विरघळणारा चिकणमातीचा गाळ रेषेत उरला.

राहिला वेळ. गुळाचा पाक गरम असताना सावकाश ओढला तर लांबतो, आणि गार झाल्यावर किंवा झटका दिल्यावर तुटतो. खडकाचंही तसंच असतं, फक्त काळाची पट्टी वेगळी. खोल कवचात खडक विकृत होण्याचा वेग इतका कमी असतो की एका वर्षात हजार किलोमीटर लांबीचा पट्टा जेमतेम तीस सेंटीमीटरनी बदलावा. वर्षाच्या हिशेबात हे शून्यच. पण दहा लाख वर्षांत हाच वेग 30 टक्क्यांवर जातो, म्हणजे एक किलोमीटरचा थर सातशे मीटरवर येतो. भूशास्त्राच्या काळात दहा लाख वर्षं ही किरकोळ मुदत आहे. प्रयोगशाळेत इतकं थांबता येत नाही, म्हणून तिथे तापमान वाढवून वेळेची भरपाई करतात आणि निष्कर्ष मागे ताणून लावतात. या ताणून लावण्यात अनिश्चितता असते, आणि म्हणूनच प्रत्यक्ष खडकांचं निरीक्षण कधी बाद होत नाही.

आता देवलापार. तिथल्या सौसर गटाच्या खडकांत संगमरवर, शिस्ट, क्वार्ट्झाइट आणि मँगनीजचे थर आहेत. मूळचा हा समुद्रातला गाळ. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हे सगळं कवचात खोल गेलं, फेल्डस्पारही नमेल इतकं तापलं आणि बाजूंनी दाबलं गेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1930च्या दशकात देवलापारचा अभ्यास करून सांगितलं, की इथली एक प्रचंड घडी आडवी लवंडून मूळ जागेपासून सरकली आहे आणि दुसऱ्या खडकांवर येऊन बसली आहे. आल्प्समध्ये अशा रचना माहीत होत्या, पण नागपूर जिल्ह्यात त्या असतील अशी कुणाला कल्पना नव्हती. पुढच्या अभ्यासकांनी तपशिलांवर वाद घातले आहेत. तरी त्या काळी पायी हिंडून, हातोडी आणि होकायंत्राच्या जोरावर काढलेला तो निष्कर्ष मला भारतीय भूविज्ञानातल्या मोठ्या कामांपैकी एक वाटतो.

थरांच्या चळतीत काही थर ताठ असतात, काही मऊ. बाजूने दाबल्यावर ताठ थर वळ्या घेतो आणि मऊ थर वाहून त्याच्या खाचा भरतो. मॉरिस बिओ आणि हान्स रॅम्बर्ग यांनी दाखवून दिलं, की ताठ थर जितका जाड तितकी वळी मोठी, आणि दोन थरांच्या ताठपणातला फरक जितका जास्त तितकीही मोठी. त्यामुळे एकाच उघड्या खडकात हाताएवढ्या वळ्या आणि डोंगराएवढी वळी एकत्र नांदतात, आणि लहान वळ्या मोठीचा पत्ता सांगतात. मोठ्या वळीच्या एका बाहूवर, म्हणजे उतरत्या बाजूवर, लहान वळ्या इंग्रजी 'एस'सारख्या कलतात, दुसऱ्या बाहूवर 'झेड'सारख्या, आणि माथ्यावर 'एम'सारख्या समान बसतात. मँगनीजच्या पट्ट्यात याला थेट पैशाची किंमत आहे. वाहताना थर बाहूंवर पातळ होतो आणि वळणापाशी जाड होतो, म्हणून खनिज वळणात जास्त मिळतं. वळणाचा आस कुठे आणि किती अंशांनी जमिनीत उतरतो, हे चुकलं की विंधन विवर भलत्याच जागी जातं.

हिमालयात तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकाच भंगावर पाहायला मिळतात. भारताची भूपट्ट आशियाकडे वर्षाला चार-पाच सेंटीमीटर सरकते, त्यातले सुमारे दोन सेंटीमीटर हिमालय पचवतो. हिमालयाखाली उत्तरेकडे कललेलं एक प्रचंड भंगतल आहे. त्याचा दक्षिणेकडचा उथळ भाग थंड आहे, घर्षणाने अडकलेला आहे आणि शतकभरात सुमारे दोन मीटरची हालचाल उधार ठेवतो. तेच तल उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटर खोल जातं, गारगोटी वाहण्याइतकं तापतं, आणि तिथे भूकंपाशिवाय सतत सरकत राहतं. 25 एप्रिल 2015ला नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा उथळ भागाच्या खालच्या कडेने उधारी चुकवली. काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर उचलला गेला आणि दक्षिणेकडे सरकला. तो भंग पृष्ठभागापर्यंत फुटला नाही, म्हणजे दक्षिणेकडच्या भागात ऊर्जा अजून आहे. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी घरांची बांधणी हा तातडीचा विषय आहे तो यामुळे.

कोयनेसाठी अजून एक घटक जोडायला हवा, तो म्हणजे पाणी. 'धरणाच्या वजनाने भूकंप झाला' असं सर्रास बोललं जातं. हिशेब करून पाहा. शंभर मीटर खोल पाण्याचा भार चौरस सेंटीमीटरला दहा किलो. पाच किलोमीटर खाली खडकाचा स्वतःचा भार 1,350 किलो. एक टक्काही भर पडत नाही. खरं काम करतं ते चिरांतून खाली झिरपणारं पाणी. चिरेतल्या पाण्याचा दाब भंगाच्या दोन्ही बाजूंना आतून ढकलतो, त्यांना एकमेकींवर दाबून ठेवणारं बल तेवढंच घटतं, आणि घर्षण कमी होतं. भंग आधीच तुटण्याच्या बेताला आला असेल, तर दाबातला थोडासा बदलही पुरतो.

अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून एका खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरलं, तेव्हा जिथे भूकंप क्वचित होत तिथे ते वारंवार होऊ लागले. कोयनेला पावसाळ्यात जलाशय भरल्यावर आणि पुढे रिकामा होताना भूकंपांची संख्या बदलते, हे गेली अनेक दशकं नोंदलं गेलं आहे. रेटा भूपट्टाचा, भंग जुना, आणि पाण्याने त्याला वेळ ठरवून दिली, असं माझं म्हणणं आहे. याने धरण निर्दोष ठरत नाही. पण फक्त धरणाकडे बोट दाखवलं, की जमिनीखाली आधीपासून साठलेल्या बलाचा विसर पडतो, आणि मग किल्लारीसारख्या गावांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

महाराष्ट्रात स्वतः फिरून पाहायचं असेल, तर दोन-तीन गोष्टी सांगतो. घाटाच्या कापात दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो. तो पट्टा सरळ चालत असताना एखाद्या उभ्या भेगेशी एकदम वर किंवा खाली उडी मारत असेल, तर तिथे प्रस्तरभंग आहे. काळ्या दगडात सरकलेलं अंतर मोजायला यापेक्षा सोपी खूण नाही. भंगतल उघडं असेल, तर त्यावर बोट फिरवा. घासल्याच्या समांतर रेघोट्या लागतात, आणि त्यांची दिशा हीच शेवटच्या सरकण्याची दिशा. उलट, गोलाकार पापुद्रे सुटलेला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, पाहून वळी समजू नका. ते हवा-पाण्याने झिजल्याचं लक्षण आहे. लाव्हा वाहतानाच गोठलेले कमानदार आकारही असेच फसवतात. खऱ्या वळीत सगळे थर एकत्र वळलेले असतात आणि वळणाचा आस शेजारच्या खडकांतही त्याच दिशेला मिळतो.

पश्चिमेला पनवेल-मुंबईकडे लाव्हाथर समुद्राच्या बाजूला कलले आहेत. ती मोठी वळी आहे की भंगांनी कललेल्या तुकड्यांची रांग, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण हा बेसॉल्ट वाहण्याइतका खोल आणि तप्त कधी झालाच नव्हता.

सह्याद्रीचे थर आडवे का, याचं उत्तर त्यातच आलं. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि तेव्हापासून पृष्ठभागाजवळच राहिला. तो खोल गाडला गेला नाही, तापला नाही. द्वीपकल्पाचं कवच जुनं, थंड आणि जाड आहे. हिमालयाकडून येणारा रेटा ते लवचीकपणे पेलतं, आणि जिथे पेलवत नाही तिथे जुन्या भंगावर तुटतं.

कोयनेला खोल विवरं खणली गेली, त्यातलं गोठणे गावाजवळचं विवर तीन किलोमीटरपर्यंत गेलं. तेव्हा साधारण एक किलोमीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटी नाइस हा पट्टेदार खडक लागला, वयाने अडीचशे कोटी वर्षांहून जुना. त्याचे पट्टे वळलेले, ओढलेले आहेत, कारण एके काळी तो कवचात खूप खोल, तप्त होता. आज तोच खडक थंड आणि उथळ आहे, आणि कोयनेचे भूकंप त्याच्यातच होतात.